चाळणीपासून जाळीच्या दारापर्यंत



मृगाचे दोन पाऊस पडले, की घरात माश्यांचा सुळसुळाट सुरू होतो. भाकरीवर माशी, दुधाच्या पातेल्याच्या काठावर माशी, पाळण्यातल्या लेकराच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात माशी. दिवेलागणीला माश्या आढ्याला जाऊन चिकटल्या, की डासांची पाळी. घराला जाळीचे दार बसवा असे सुचवले, तर उत्तर ठरलेले असते. “साहेब, ते बंगलेवाल्यांचं काम. आमच्याकडं दिवसातून शंभरदा जा-ये. शेरडं-करडं, पोरं-सोरं. जाळी टिकायची कशी?”

हे उत्तर आम्ही इतक्या ओट्यांवर ऐकले, की या खेपेच्या पत्रकात औषधांच्या मात्रा जरा बाजूला ठेवून जाळीच्या दाराची हकिगतच सांगायचे ठरवले आहे. कारण हे दार बंगल्यात जन्मले नाही. ते चाळण्या विणणाऱ्यांच्या कारखान्यात वाढले. आणि त्याची परीक्षा झाली ती रेल्वेचे कामगार, छावणीतले शिपाई आणि कालवा खणणारे मजूर यांच्या जिवावर.

जाळी नव्हती तेव्हा

किड्यांपासून बचाव करण्याची धडपड फार जुनी. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हेरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार होऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे, की नाईल नदीच्या पाणथळ मुलखातले कोळी दिवसा ज्या जाळ्याने मासे धरत, तेच जाळे रात्री अंथरुणाभोवती लावून झोपत. आपल्याकडेही काही कमी उपाय नव्हते. दह्या-दुधाला शिंकाळे, भाकरीला दुरडी, माठाच्या तोंडाला फडके आणि संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. जनावर शेपूट झाडायचे थांबले, की धुरी लागू पडली असे आपण समजतो, आणि ते बरोबरच आहे.

पण त्या काळी हा सगळा खटाटोप त्रास टाळण्यासाठी होता. माशी घाण वाटे, डास झोपू देत नसे, एवढेच. त्यांच्यामुळे माणूस मरतो हे कुणाच्या ध्यानात नव्हते. हिवताप दलदलीतल्या दूषित हवेने येतो असा समज जगभर होता. ‘मलेरिया’ हे नाव त्यातूनच पडले. इटालियन भाषेत त्याचा अर्थच मुळी ‘वाईट हवा’. म्हणून लोक रात्रीची हवा नको म्हणत खिडक्या गच्च लावून घेत. गंमत बघा, कारण चुकीचे होते, पण खिडकी लावल्याने डास बाहेर राहत आणि थोडाफार गुणही येई. मग लोकांना वाटे, आपले म्हणणे खरेच आहे!

चाळण विकली जाईना, तेव्हा

खिडकीला तारेची जाळी लावण्याचा उल्लेख अमेरिकेत १८२३ सालचा सापडतो. तो कुठे, तर ‘अमेरिकन फार्मर’ नावाच्या शेतकऱ्यांच्याच नियतकालिकात. परंतु ती जाळी तेव्हा महाग होती आणि फारशी कुणी घेतही नसे.

तिचा खप वाढला तो एका लढाईमुळे. अमेरिकेत कनेक्टिकट प्रांतातल्या जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट आणि बेनेट यांचा कारखाना होता. बेंजामिन गिल्बर्ट याने १८१८ साली घोड्याच्या केसांच्या चाळण्या विणायचा धंदा सुरू केला. पुढे केसांच्या जागी तार आली आणि कापड विणावे तशी तार मागावर विणू लागले. या चाळण्यांचे मोठे गिऱ्हाईक होते दक्षिणेकडच्या प्रांतांत. १८६१ साली उत्तर आणि दक्षिण प्रांतांत यादवी युद्ध पेटले, व्यापार तुटला आणि विणलेल्या तारेचे गठ्ठे कारखान्यात पडून राहिले. तेव्हा तिथल्याच एका कामगाराने शक्कल काढली. तारेला करडा रंग दिला तर ती गंजणार नाही, आणि खिडकीला लावायला विकता येईल. माल हातोहात खपला.

पीठ चाळताना बायाबापड्या हेच तर करतात. पीठ खाली पडते, कोंडा वर राहतो. जाळीतून वारा आत येतो, माशी बाहेर राहते. काम एकच. आणि चाळणीचा जो दोष, तोच जाळीचा. चाळणीला बोट जाईल एवढे एक भोक पडले, की बाकीची हजार भोके कितीही नेटकी असोत, कोंडा पिठात उतरतोच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे हिचे काम पडणार आहे.

चुन्याने पांढरे झालेले पाय

आता १८९८ साल. अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. अमेरिकेने आपल्याच देशात ठिकठिकाणी छावण्या टाकून शिपाई गोळा केले. लढाईला जाण्याआधीच छावण्यांत विषमज्वराची साथ आली. सुमारे २० हजार शिपायांना ताप आला आणि दीड हजारांहून अधिक मेले. शत्रूची गोळी लागून मेले त्यांच्यापेक्षा हे कितीतरी जास्त.

चौकशीसाठी तीन डॉक्टरांची समिती नेमली. वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन आणि एडवर्ड शेक्सपियर. छावणीतले संडास म्हणजे उघडे चर. त्यांवर चुना टाकलेला असे. समितीला असे दिसले, की जेवणाच्या तंबूत ताटावर बसणाऱ्या माश्यांचे पाय पांढरे आहेत. तो चुना होता! आणखी पुरावा काय हवा? माशी चरावरून थेट ताटावर येत होती, आणि येताना काय काय घेऊन येत होती ते पायांवर लिहिलेलेच होते. व्हॉन यांनी आणखी एक गोष्ट नोंदली. ज्या अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या तंबूंना जाळी होती, त्यांच्यात विषमज्वराचे प्रमाण जाळी नसलेल्यांपेक्षा कमी होते. साथ पसरायला दूषित हात, कपडे आणि पाणी हीदेखील कारणे होती, हे खरे. पण माशीवरचा आरोप तेव्हापासून पक्का झाला.

बंधूंनो, चुना सोडला तर हे चित्र आपल्याला परके नाही. गावाबाहेरचा गोदरीचा रस्ता आणि घरातले ताट यांत अंतर असते फार तर दोन-तीनशे पावलांचे. माशीला त्याचे काय? एक-दोन किलोमीटर ती सहज उडते.

दलदलीत तीन महिने

माशीची ही गोष्ट चालू होती, तोवर डासाचाही छडा लागत होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाने मच्छरदाणीत बसून डास चावून घेतले, दर डासाला एक आणा या भावाने. वैद्यकाच्या इतिहासात रॉस यांचे नाव सोन्याच्या अक्षरांत आहे. हुसेन खानला आणे मिळाले.

डास हिवताप वाहतो हे कागदावर आले, पण लोकांना पटेना. वाईट हवेचा समज हाडीमाशी खिळलेला. मग १९०० साली लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी एक प्रयोग आखला. रोम शहराजवळ ऑस्टियाची दलदल हिवतापासाठी कुप्रसिद्ध होती. इंग्लंडमध्ये लाकडी घर तयार करून तिकडे नेले आणि दलदलीत उभे केले. खिडक्या-दारांना बारीक तारेची जाळी. त्यात डॉक्टर सँबन, डॉक्टर लो आणि त्यांच्याबरोबरची मंडळी ऐन हिवतापाच्या हंगामात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत राहिली. दिवसा ते मुलखात हिंडत, पावसात भिजत. नियम एकच. सूर्य मावळण्याआधी घरात यायचे आणि जाळीचे दार लावायचे. रात्री खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवत, म्हणजे ‘वाईट हवा’ हवी तेवढी आत यावी. कोयनेल कुणीही घेतले नाही.

आजूबाजूचे शेतमजूर तापाने फणफणत होते. या घरातल्या एकालाही हिवताप झाला नाही.

त्याच वर्षी उलटा प्रयोगही झाला. रोमहून हिवतापाचे डास डबीत घालून लंडनला पाठवले आणि ते मॅन्सन यांच्या मुलाने अंगाला चाववून घेतले. दलदल नाही, वाईट हवा नाही, तरी त्याला हिवताप झाला. स्वतःच्या मुलावर प्रयोग करायचा म्हणजे छाती पाहिजे. बरोबर होते की नाही, हा वेगळा प्रश्न.

इटलीतही प्राध्यापक चेली आणि प्राध्यापक ग्रासी यांनी रेल्वेच्या कामगारांची घरे जाळीने बंद करून पाहिली. ग्रासींचा प्रयोग १९०० साली दक्षिणेकडच्या कापाच्चो मैदानात झाला. रेल्वेचे नोकर आणि त्यांची बायकामुले मिळून शंभरावर माणसे जाळीच्या घरांत राहिली. त्यांतल्या फारच थोड्यांना ताप आला. शेजारी बिनजाळीच्या घरांत मात्र जवळपास सगळे आजारले. ही माणसे साहेब नव्हती. रुळांची देखभाल करणारी, सकाळी कामाला जाणारी, संध्याकाळी लेकरांत येऊन बसणारी, आपल्यासारखीच होती.

एक खोली, मध्ये जाळी

जाळीची सगळ्यांत कडक परीक्षा झाली ती क्युबा बेटावर. तिथे पीतज्वर नावाचा रोग होता. आपल्या देशात तो नाही, पण त्या काळी अमेरिका खंडात त्याचे नाव काढले की गाव रिकामे होई. क्युबाचेच डॉक्टर कार्लोस फिनले १८८१ पासून सांगत होते, की हा रोग डास पसरवतो. वीस वर्षे लोक त्यांना हसले. सगळ्यांचा भरवसा असा, की रुग्णाच्या कपड्यांतून, अंथरुणातून रोग लागतो.

विषमज्वराची चौकशी करणारे वॉल्टर रीड यांच्याकडेच हेही काम आले. त्यांचे सहकारी डॉक्टर जेसी लझीर यांना डासाच्या चाव्याने पीतज्वर झाला आणि २५ सप्टेंबर १९०० रोजी ते वारले. रीड यांनी त्यांच्या नावाने छावणी वसवली आणि तिथे चौदा फूट बाय वीस फूट अशी दोन लहान लाकडी घरे बांधली.

पहिल्या घराला जाळ्या, दुहेरी दारे. एक डास आत जाणार नाही असा बंदोबस्त. आणि आत काय भरले? पीतज्वराने मेलेल्यांची, आजाऱ्यांची घाणीने माखलेली अंथरुणे, चादरी, कपडे. डॉक्टर कुक आणि दोन शिपाई या घाणीत वीस रात्री झोपले. पहिल्या दिवशी पेट्या उघडताच दुर्गंधीने त्यांना बाहेर पळावे लागले होते. पण परत आत गेले. वीस रात्रींनंतर तिघेही ठणठणीत.

दुसरे घर स्वच्छ. अंथरुणे धुतलेली, वाफ दिलेली. या घराच्या मधोमध वरपासून खालपर्यंत तारेची जाळी, म्हणजे एका खोलीचे दोन भाग. हवा तीच, उजेड तोच, वास तोच. एका भागात पीतज्वराच्या रुग्णाला चावलेले पंधरा डास सोडले. २१ डिसेंबर १९०० रोजी जॉन मोरान नावाचा तरुण त्या भागात जाऊन अर्धा तास निजला. डास चावले. असेच तो आणखी दोनदा जाऊन आला. नाताळच्या दिवशी सकाळी त्याला ताप भरला. पीतज्वरच होता. नशिबाने तो वाचला. जाळीच्या पलीकडच्या भागात जे झोपत होते, त्यांना अनेक रात्रींनंतरही काही झाले नाही.

दोघांमध्ये भिंत नव्हती, नुसती जाळी होती. एका बाजूला रोग, दुसऱ्या बाजूला आरोग्य. जाळीच्या उपयोगाचा याहून सोपा पुरावा आम्हाला तरी माहीत नाही.

त्यानंतर हवाना शहरात विल्यम गोर्गस या अधिकाऱ्याने जाळीचा दुहेरी वापर केला. निरोग्यांना डास चावू नये म्हणून जाळी, आणि आजाऱ्यालाही जाळीच्या खोलीत ठेवायचे, म्हणजे डास त्याला चावून दुसरीकडे रोग नेणार नाही. याला फवारे-धुरी आणि साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त यांची जोड दिली. १९०१ च्या सप्टेंबरनंतर हवानातून पीतज्वर गेला. घरात कुणाला हिवताप किंवा डेंगी झाला, तर त्याला मच्छरदाणीत झोपवा असे आरोग्यसेविका सांगतात ना, त्याचे मूळ इथे आहे.

पनामा: जाळी कुणाला मिळाली?

१८८१ साली फ्रेंचांनी पनामाचा कालवा खणायला घेतला आणि १८८९ साली हात टेकले. या आठ वर्षांत वीस हजारांवर माणसे मेली असा अंदाज आहे, बहुतेक पीतज्वर आणि हिवताप यांनी. फ्रेंचांनी दवाखाना सुंदर बांधला होता. भोवती बाग. झाडांना मुंग्या लागू नयेत म्हणून बुंध्याभोवती पाण्याची मातीची कडी, आणि रुग्णाच्या खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत. त्या वाट्यांत डासांची पैदास होई. खिडक्यांना जाळी नाही. माणूस पाय मोडून दवाखान्यात जाई आणि पीतज्वराने मरे!

१९०४ साली अमेरिकेने काम हाती घेतले आणि गोर्गस तिथे आले. पहिल्या वर्षी वरिष्ठांनी त्यांना दाद दिली नाही. जाळीवर पैसा घालवणे म्हणजे उधळपट्टी, असे मत. १९०५ साली पीतज्वराने पुन्हा डोके वर काढले, कामगार जहाजे पकडून पळू लागले, तेव्हा पैसा सुटला. नवे मुख्य इंजिनियर जॉन स्टीव्हन्स यांनी काम थांबवून आधी स्वच्छता आणि घरे यांकडे पाहिले. लोखंडी तार त्या दमट हवेत गंजे, म्हणून तांब्याची जाळी वापरली. १९०५ च्या नोव्हेंबरात पनामा शहरातला पीतज्वराचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. कालवा १९१४ साली सुरू झाला.

पण ही गोष्ट इथेच गोड मानून सोडणे बरे नव्हे. अमेरिकन गोऱ्या नोकरांना जाळी लावलेल्या व्हरांड्याची घरे मिळाली. खणण्याचे खरे काम करणारे वेस्ट इंडीज बेटांवरचे काळे मजूर. त्यांच्यातले बहुतेक भाड्याच्या खोल्यांत नाहीतर रानातल्या झोपड्यांत राहत. तिथे जाळी नव्हती. त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त राहिले. न्यूमोनियासारखी आणखीही कारणे होती, पण घराचे कारण मोठे. जाळी बंगलेवाल्यांची असे जे आपल्याला वाटते, ते अशा वाटपामुळे. शोध कष्टकऱ्यांवर सिद्ध झाला आणि पहिला लाभ भलत्यालाच गेला.

मुंबईतही याच सुमारास जाळीचा प्रश्न उभा राहिला होता, पण दारासाठी नव्हे, विहिरींसाठी. १९११ साली डॉक्टर बेंटली यांनी दाखवून दिले, की शहरातला हिवताप पसरवणारा डास घरोघरच्या विहिरींत वाढतो. विहिरी बंद करा असा हुकूम निघाला. तेव्हा अनेकांनी हरकत घेतली, की पूजेच्या पाण्याला सूर्यप्रकाश लागला पाहिजे. काही ठिकाणी तारेच्या जाळीचे झाकण ही तडजोड निघाली. ऊन आत, डास बाहेर.

फवारा आला, जाळी विसरली

अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये डॉक्टर सॅम्युएल क्रंबाइन यांनी १९०५ पासून माशीविरुद्ध मोहीम चालवली. तिथल्या वीर गावचे शाळामास्तर फ्रँक रोझ यांनी आपल्या बालवीरांकडून गावातल्या घरांना जाळ्या ठोकवल्या. उरलेले जाळीचे तुकडे मोजपट्टीच्या टोकाला ठोकून माशी मारायचे हत्यार केले. आज प्लॅस्टिकचे मिळते ते माशीमार, त्याचा हा आजा.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि सगळे चित्र पालटले. भिंतीवर एकदा मारले की काही महिने निवांत. मग कोण जाळ्या ठोकत बसतो? आपल्या देशात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत असा अंदाज होता. १९६१ सालापर्यंत रुग्णांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. हे यश लहान नव्हते. पण डास औषधाला सरावले. माशी तर त्याआधीच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन आणि इटलीत डीडीटीला दाद देईनाशी झाली होती. शिवाय घरोघरी सणासुदीला भिंती सारवल्या, की मारलेले औषध सारवणाखाली गाडले जाई. १९७६ साली देशात हिवतापाचे रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. शेतकऱ्याला हे नवल वाटू नये. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे मारल्यावर कपाशीवरच्या बोंडअळीने काय केले, ते आपण पाहिलेच आहे. औषधाला कीड सरावते. तारेच्या भोकाला सरावून डास बारीक झाला, असे मात्र अजून कुठे झालेले नाही.

म्हणून अलीकडे शास्त्रज्ञ पुन्हा जाळीकडे वळले. आफ्रिकेतल्या गांबिया देशात काही घरांची दारे, खिडक्या आणि छपराखालच्या फटी जाळीने बंद केल्या, काही घरांना नुसते जाळीचे छत लावले आणि काही घरे तशीच ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्ण जाळीच्या घरांत डास निम्म्याहून कमी शिरले. तशाच ठेवलेल्या घरांतल्या लहान मुलांत पंडुरोगाचे प्रमाण शेकडा १९ होते, तर जाळीच्या दोन्ही प्रकारच्या घरांत शेकडा १२. वारंवार हिवताप झाला की रक्त कमी होते, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. नुसत्या छतानेही तेवढाच गुण यावा, यात आपल्यासाठी एक खूण आहे. तिथल्या घरांत डास मुख्यतः भिंत आणि छप्पर यांमधल्या फटीतून येतो. आपल्या पत्र्याच्या, कौलांच्या घरांत हीच फट हातभर असते. खिडकीला महागाची जाळी आणि वर ही फट उघडी, हे म्हणजे चाळणीच्या कडेलाच भोक!

आपल्या घरी

एवढे वाचून कुणी बसवायला निघाला, तर दोन-चार गोष्टी सांगून ठेवतो. जाळी घेताना एका इंचात सोळा ते अठरा भोके मोजून घ्या. माशीला याहून मोठी भोके चालतील, डासाला चालत नाहीत. घाटावर गॅल्व्हनाइज्ड तार चालते. कोकणात खारी हवा ती खाते, तिथे नायलॉनची किंवा फायबरची बरी. मात्र चुलीजवळ नायलॉन लावू नका. काजळी आणि धूळ बसली की वारा कोंडतो, तेव्हा महिन्या-पंधरा दिवसांनी जाळी कुंच्याने झाडावी, नाहीतर घरची माणसे उकाड्याने वैतागून दारच काढून ठेवतील. डेंगीचा डास दिवसा चावतो, म्हणून दार फक्त संध्याकाळी लावून भागत नाही.

आणि दाराआधी उकिरडा पाहा. माशी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी ताज्या शेणात घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात. ओट्यासमोर शेणाचा ढीग ठेवून दाराला जाळी लावणे म्हणजे गळकी पखाल भरणे. ढिगाच्या पोटात उष्णता असते, तिथे अळी मरते. ती वरच्या थरात जगते. म्हणून वरचा थर आठवड्याला आत लोटावा आणि ढिगावर माती टाकावी. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्यात ढीग शेणमातीने लिंपून बंद करतात. त्यात खतही उत्तम होते आणि माशीलाही जागा मिळत नाही. गोबर गॅस असेल तर ताजे शेण रोजच्या रोज टाकीत जाते, मग प्रश्नच मिटला.

गेल्या पावसाळ्यात एका गावी एका शेतकऱ्याने आम्हाला घरी नेऊन तक्रार केली. “तुमच्या जाळीनं माश्या वाढल्या.” पाहतो तो खरेच, खिडकीच्या जाळीला आतल्या बाजूने माश्यांचा थर. दार आत उघडणारे आणि उघडेच, त्याला दगड लावलेला. म्हातारीला शेणाच्या पाट्या नेताना दार आडवे येते म्हणून. माश्या दारातून आत येत होत्या आणि उजेडाकडे जाऊन खिडकीत अडकत होत्या. दुसरे असे, की माश्या-डास जाळीवर बाहेरून बसलेले असतात. दार आत ढकलले की ते दाराबरोबरच घरात येतात. दार बाहेर उघडत असेल तर ते बाहेरच झटकले जातात.

गावच्या सुताराला बोलावून बिजागऱ्या उलट्या केल्या आणि दार बाहेर उघडते केले. स्प्रिंग आणायला तालुक्याला जावे लागले असते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चौकटीला आणि दाराला ताणून ठोकली. सोडले की दार आपोआप मिटते. म्हातारीला गोठ्याकडचे मागचे दार पाट्यांसाठी मोकळे करून दिले आणि मागच्या दाराकडून माजघरात येणाऱ्या वाटेवर जाळी ठोकली. वरच्या फटीत जुने गोणपाट कोंबले, ते पुढे काढून तिथेही जाळी लावायची आहे. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा म्हातारी ओसरीवर ताक करत बसली होती आणि रवीवर एखादीच माशी होती. दार बरे आहे म्हणाली, पण शेळीने खालची जाळी शिंगाने फाडली होती. आता दाराच्या खालच्या दीड फुटाला तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आहे. शेळी त्यावर पाठ घासते.